जाते, ओवी आणि ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ नावाचा रकाना

विद्यापीठीय व्यवहारात काही शब्द प्रथम कार्यालयात येतात आणि नंतर विचारात शिरतात. ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा त्यांपैकी एक होय. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद १९९४ साली स्थापन झाली आणि पुढे तिची नमुनापत्रे तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यापीठांशी सहकार्य करण्याचा आग्रह धरला. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी संस्थांच्या साहाय्याने संयुक्त व दुहेरी पदव्या देण्यासंबंधीचे विनियम काढले. परिणामी परदेशी संस्थांशी झालेले सामंजस्य करार, आलेले-गेलेले अध्यापक, संयुक्त संशोधन प्रकल्प यांचे रकाने आज प्रत्येक विभागासमोर येतात. विज्ञान शाखेची मंडळी त्यांत काही ना काही लिहितात. मराठी विभागाचा रकाना मात्र बहुधा एकाच शब्दाने भरला जातो. तो शब्द म्हणजे ‘निरंक’.

भोरकडील एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी हा शब्द सलग अनेक वर्षे लिहिला. तो लिहिताना त्यांना विषाद वाटत नसे. मराठी हा विषय या मातीचा, त्याला परदेशाशी काय कर्तव्य, अशी त्यांची सरळ समजूत होती. ते मूळचे वेल्हे तालुक्यातले, ज्या तालुक्याला अलीकडे राजगड हे नाव मिळाले आहे. नसरापूरहून पश्चिमेकडे वळणारी वाट राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांच्या सावलीतून जिथे जाते, त्या खोऱ्यात त्यांचे बालपण गेले. पहाटे आईच्या जात्याची घरघर आणि तिच्यात मिसळलेला तिचा आवाज यांनी त्यांना जाग येत असे. पुढे ते पुण्याला शिकले आणि मराठी नवकवितेवरील पाश्चात्त्य प्रभावाचा शोध घेऊन त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्या प्रबंधात इंग्रजी आणि फ्रेंच कवींची नावे पानोपानी होती. आईच्या ओव्यांचा उल्लेख कोठेही नव्हता. तो असावा असे मार्गदर्शकांना वाटले नाही, परीक्षकांना वाटले नाही आणि खुद्द प्रबंधकारांनाही वाटले नाही. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे जे बाहेरून येथे येते ते, ही व्याख्या त्या प्रबंधाने निमूटपणे गृहीत धरली होती.

या गृहीताला धक्का बसला तो त्यांच्याच वर्गात. लोकसाहित्याच्या तासाला एका विद्यार्थिनीने आपल्या फोनवर ओव्यांचा एक संग्रह उघडून दाखवला. त्यात गायिकांची नावे होती, गावांची नावे होती आणि प्रत्येक गावापुढे तालुका नोंदवलेला होता. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ ही नावे एकाखाली एक आलेली पाहून वर्गात कुजबुज झाली. शेजारच्या खोऱ्यातल्या बायकांचे गाणे जगात कोठेही बसून ऐकता येत होते आणि त्याच खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला त्याची वार्ता नव्हती.

या संग्रहाची हकिकत मराठीच्या अभ्यासकांनी नीट समजून घेण्याजोगी आहे. गी पॉइत्वाँ हे मूळचे फ्रान्सचे. १९७२ साली ते पुण्यात आले, येथेच राहिले, मराठी शिकले आणि पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्वही स्वीकारले. पुण्याच्या हेमा राईरकर या त्यांच्या सहकारी. या दोघांचे काम पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी तालुक्यांत ‘गरीब डोंगरी संघटने’च्या निमित्ताने सुरू झाले. ओव्या गोळा करणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. डोंगरातल्या बायका स्वतःच्या जगण्याविषयी बैठकीत बोलेनात. जात्यावर बसल्या की मात्र त्यांच्या बोलण्याला धार येई. सासर, माहेर, भाऊ, लेकीचा जन्म, सीतेचा वनवास, पंढरीची वाट या सर्वांविषयी त्यांचे म्हणणे ओवीत आधीच तयार होते. ओवी हे गतकालीन वाङ्मय नसून बोलणाऱ्या स्त्रीचे विचार करण्याचे साधन आहे, हे त्या दोघांच्या लक्षात आले आणि संग्रह वाढत गेला. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः डोंगरातल्याच स्त्रियांनी, तो वाढवला. पुढे त्याची व्याप्ती साऱ्या महाराष्ट्रात पसरली. मराठवाड्यातील दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही त्यात आल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, तीन हजारांहून अधिक गायिका आणि हजाराच्या आसपास गावे असा हा संचय आहे.

नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ या कामात सामील झाले. त्यांनी हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि गायिका, गाव, विषय, पाठ यांची सांगड घालणारी संगणकीय सूची रचली. युनेस्को, नेदरलँड्सचे विकास सहकार्य मंत्रालय आणि शार्ल लेओपोल्ड मायर प्रतिष्ठान यांचे अर्थसाहाय्य या कामाला वेळोवेळी लाभले. पॉइत्वाँ २००४ साली आणि हेमाताई २०१० साली निवर्तल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने हा संग्रह मूळ मराठी पाठ, इंग्रजी अनुवाद आणि ध्वनी यांसह क्रमाक्रमाने वाचकांपुढे आणला.

नमुनापत्राच्या भाषेत सांगायचे तर येथे परदेशी तज्ज्ञ आहेत, परदेशी निधी आहे, संयुक्त प्रकल्प आहे, दीर्घकालीन सहकार्य आहे. नाही ते फक्त विद्यापीठ. पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरांवर, दोन-तीन दशके, मराठी वाङ्मयाचा एवढा मोठा व्यवहार चालू होता आणि तो प्रामुख्याने विद्यापीठाच्या मराठी अभ्यासक्रमाबाहेर घडला. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवल्या होत्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड सिद्ध केले होते. तेव्हा या सामग्रीचे मोल मराठीला अज्ञात होते असेही नाही. तरीही ओवी अभ्यासक्रमात आली ती ‘लोकसाहित्याचे प्रकार’ या शीर्षकाखालील एका टिपेपुरती. तिची गायिका त्या टिपेत आलीच नाही.

परदेशी अभ्यासक येथून कच्चा माल नेतात आणि तेथे सिद्धान्ताचा पक्का माल तयार करून आपल्यालाच विकतात, ही तक्रार चर्चासत्रांतून नेहमी ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. वसाहतकाळातील ज्ञानव्यवहाराची ती ओळखीची रीत होती आणि ती पूर्णतः संपली आहे असे म्हणता येणार नाही. परंतु हा कच्चा माल ज्यांच्या उंबऱ्याशी पडून होता त्यांनी तो का उचलला नाही, हा प्रश्न त्या तक्रारीच्या आड सोयीस्करपणे लपतो. त्या प्राध्यापकांना हा प्रश्न वैयक्तिक वाटला. त्यांच्या आईच्या ओव्या कोणीच लिहून घेतल्या नव्हत्या. गावात पिठाची गिरणी आली, जाते भिंतीशी टेकले, मग आई गेली. तिच्यासह किती ओव्या गेल्या याचा हिशेब आता कोणत्याही रकान्यात मांडता येणार नव्हता.

मराठीच्या अभ्यासाचा पूर्वेतिहास पाहिला तर परस्परसहकार्याची काही उजळ उदाहरणे सापडतात. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला आणि पॅरिसमधले संशोधन पुण्याच्या वर्गात शिरले. पन्नासच्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची शिबिरे भरली, तेव्हा देशोदेशीचे अध्यापक आणि भारतातील तरुण अभ्यासक एकाच वर्गात बसले. त्याच दशकात अशोक केळकर कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहून परतले आणि पुढे त्यांनी आपले बरेचसे चिंतन मराठीतच मांडले. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या त्या फलटणच्याच झाल्या. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परक्या विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके रचली. परदेशातून मराठीकडे येणाऱ्या अभ्यासकांसाठी ही पाठ्यपुस्तके म्हणजे घाटवाटेसारखी होती.

हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर हे तर या संदर्भात मुद्दाम स्मरावे असे नाव. भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील वीरचा म्हस्कोबा, जेजुरीचा खंडोबा, माणदेशातला बिरोबा यांच्या शोधात ते धनगरांच्या वाड्यांतून वर्षानुवर्षे हिंडले. त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ साली आला. १९९२ साली सोन्थायमर अकाली गेले. त्यांनी मुद्रित करून ठेवलेल्या धनगरी ओव्यांपैकी दोन दीर्घ कथनांचा अनुवाद २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मुखपृष्ठावर फेल्डहाऊस यांच्या नावासोबत रामदास आतकर आणि राजाराम झगडे ही नावेही होती. ही गोष्ट लहान नाही. संहिता लिहून काढणारा, शब्दाचा अर्थ सांगणारा स्थानिक अभ्यासक आभाराच्या पानावरून मुखपृष्ठावर येतो, तेव्हा सहकार्य या शब्दाला अर्थ प्राप्त होतो.

याच फेल्डहाऊसबाईंनी रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ सालचा ग्रंथ इंग्रजीत नेला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. ढेरे मावळातल्या निगड्याचे. विद्यापीठातील प्राध्यापकाच्या खुर्चीत न बसता त्यांनी मराठीत लिहिले आणि जगाला ते वाचण्यासाठी मराठीकडे यावे लागले. प्रभाव बाहेरून आत येतो एवढेच शिकलेल्या अभ्यासकाने हे उदाहरण पुन्हा पुन्हा तपासून पाहावे. येथे सिद्धान्त मावळातून निघाला आहे आणि अनुवाद परदेशात झाला आहे.

या सर्व उदाहरणांचा अन्वय लावला तर काही समान धागे हाती लागतात. यातील कोणतेही काम करारपत्रापासून सुरू झालेले नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी दुसऱ्याची भाषा कष्टाने शिकले आहे. प्रत्येक कामाला दहा, वीस, तीस वर्षे लागली आहेत. तीन वर्षांच्या प्रकल्पात ते मावले नसते. आणि जेथे काम टिकले, तेथे ते दोन्ही बाजूंनी वाहिले आहे. भाषा, काळ आणि परतफेड या तीन गोष्टींविना केलेला करार कपाटात राहतो. आज अशा कित्येक करारांच्या प्रती कार्यालयांच्या कपाटांत सुस्थितीत आहेत.

त्या प्राध्यापकांनी यातून घेतलेला पहिला बोध अगदी साधा होता. त्यांनी वर्गातील मुलांना आपापल्या गावी जाऊन ओव्या लिहून आणायला सांगितले. मुले खळखळ करीत गेली. काहींना आजीचे बोलणे वर्गात वाचून दाखवायची लाज वाटत होती. पुण्याच्या बोलीची सवय करून घेण्यात त्यांची दोन वर्षे खर्च झाली होती, आणि आता हे सर त्यांना पुन्हा त्याच शब्दांकडे परत पाठवत होते. एका मुलाने आणलेल्या ओवीत ‘वैरण’ हा शब्द होता. वर्गाने त्याचा अर्थ गुरांचा चारा असा घेतला. एका हुशार मुलाने त्यावर निबंधही लिहिला. सासुरवाशीण स्वतःला मुक्या जनावरासारखी मानते, तिच्या वाट्याला माणसाचे अन्न येत नाही, असा त्याचा आशय होता. निबंध चांगला होता. सरांनी त्याला चांगले गुणही दिले.

नंतर हा वर्ग वेल्ह्याकडच्या एका वाडीत गेला. ज्या विद्यार्थिनीने फोनवर संग्रह दाखवला होता, तिचे ते गाव. तिच्या आजीसमोर निबंध वाचला गेला. आजीने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग ती हसू लागली.

“अवो मास्तर, ही गुरांची वैरण न्हवं. जात्याच्या तोंडी मूठ घालतो न्हवं का आपन, तिला वैरण म्हनत्यात. लई वैरलं तर पीठ जाडं पडतं, कमी वैरलं तर दगडाला दगड घासतो.”

तिने उठून भिंतीशी टेकलेले जाते दाखवले. खुंटा सैल झाला होता आणि टाकी लावायला कोणी येत नसल्याने दगड गुळगुळीत झाला होता. तिने मूठभर तांदूळ घेऊन वैरायचे कसे ते हाताने करून दाखवले. सरांच्या हातातली वही तशीच राहिली. त्यांनी आईला ही कृती रोज करताना पाहिले होते आणि हा शब्दही रोज ऐकला होता. पीएच.डी.च्या वाटेत तो कोठे गळून पडला, हे त्यांचे त्यांनाच उमगले नाही.

परत निघताना आजीने नातीला विचारले, “आमचं गानं तिकडं परदेशात ऐकत्यात म्हनतीस. ऐकून त्यास्नी कळतं काय?”

नात म्हणाली, “आजी, त्यांनी भाषांतर केलंय.”

“मंग तुमास्नी कोन करून देनार?” असे म्हणून आजी पुन्हा हसली. सर मात्र हसले नाहीत.

मराठी विभागांच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा प्रश्न या वाक्यापासून मांडावा लागतो. जगाला मराठी कशी पोहोचवायची, हा त्याचा उत्तरार्ध आहे. वेल्ह्यातली ओवी भोरच्या वर्गाला कळावी कशी, हा पूर्वार्ध आहे, आणि तो सोडवल्यावाचून उत्तरार्धाला हात घालता येत नाही. कारण जागतिक ज्ञानव्यवहारात मराठी विभागाजवळ देण्यासारखे जे आहे ते हेच. एखाद्या शब्दाचे दोन अर्थ कोणत्या घरात, कोणत्या हाताच्या हालचालीत वेगळे होतात, हे सांगू शकणारा अभ्यासक तयार करणे ही त्याची खास जबाबदारी. ब्लॉक किंवा सोन्थायमर यांच्या तोडीचा परदेशी संशोधक उद्या दाराशी आला, तर त्याला हेच हवे असेल. आणि ते सांगणारा कोणी नसेल, तर तो विभागाला वळसा घालून थेट वाडीवर जाईल. पूर्वीही असेच घडले आहे.

विभागाने करावयाच्या गोष्टी यातून आपोआप सुचतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ध्वनिमुद्रण, लिप्यंतर आणि पाठनिश्चिती यांचे शिक्षण सक्तीचे असावे. प्राचीन हस्तलिखितांसाठी शिकवली जाणारी पाठचिकित्सा मौखिक संहितेलाही लावता येते. संशोधक विद्यार्थ्याने इंग्रजीखेरीज एक परकी भाषा निदान वाचण्यापुरती शिकावी, म्हणजे मराठीवर फ्रेंच वा जर्मन भाषेत काय लिहिले गेले आहे ते त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्याचे काम खाजगी उपक्रमांवर न सोडता विभागांनी आपले मानावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने येणाऱ्या निधीचा काही भाग या कामी लागला तर तो दर्जा वर्गापर्यंत पोहोचेल. आणि कोणताही करार करताना त्यात तीन कलमे अवश्य असावीत: गायिकेचे नाव संहितेसोबत राहील, स्थानिक सहकाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर राहील, आणि संग्रहाची प्रत ज्या गावातून तो घेतला त्या गावाच्या शाळेत राहील.

यावर कोणी म्हणेल की हे फार संथ आहे. मूल्यांकनाचे चक्र पाच वर्षांचे, शासनाचे धोरण त्याहून घाईचे. आजीच्या जात्यापाशी बसून विद्यापीठे जगाच्या क्रमवारीत वर जात नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. शिवाय जाते परत आणा असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. गिरणी आली तेव्हा डोंगरातल्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो त्यांचा हक्क होता. पहाटे उठून दळण्याचे कष्ट ज्यांनी उपसले नाहीत त्यांनी जात्याचे गोडवे गाऊ नयेत. जाते गेले हे बरेच झाले. पण जात्यावर सुचलेला विचारही त्याच्यासोबत गेला, तर ते नुकसान त्या बायकांचे नसून विद्यापीठाचे आहे. २०२५ साली राजगड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. किल्ल्याचे दगड कोठे जात नाहीत. त्यांना मान्यतेसाठी थोडे थांबता आले. त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या, ऐंशी-नव्वदीत पोहोचलेल्या गायिकांना तेवढे थांबता येणार नाही.

त्या वर्षीचे नमुनापत्र आले, तेव्हा सरांनी ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ या रकान्यात काही लिहिण्यापूर्वी बराच वेळ घेतला. करार झालेला नव्हता, कोणी आलेले-गेलेले नव्हते. शेवटी त्यांनी ‘निरंक’ असेच लिहिले, कारण ते खरे होते. मात्र सोबत एक जोडपत्र लावले. वर्गाने त्या वर्षी लिहून घेतलेल्या ओव्यांची ती सूची होती: गायिकेचे नाव, गाव, ओव्यांची संख्या, आणि शेवटच्या रकान्यात वर्गाला नव्याने कळलेले शब्द. पहिला शब्द ‘वैरण’ होता. त्यापुढे दोन अर्थ दिले होते आणि दुसऱ्या अर्थापुढे आजीचे नाव.

कार्यालयाने ते जोडपत्र परत केले. नमुन्यात त्यासाठी जागा नाही, असा शेरा त्यावर होता. सरांनी ते घडी घालून लोकसाहित्याच्या हजेरीपटात ठेवले. पुढच्या बुधवारी वर्ग पुन्हा वेल्ह्याकडे जाणार होता, आणि एसटीची वेळ सकाळी लवकरची होती.